बाहेर न गेलेल्या शब्दांची नोंदवही

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी उद्वाहन निरीक्षण कार्यालयातील लघुलेखकाची गरज संपली. तसे परिपत्रकच आले. अकरा वाजून नऊ मिनिटांपर्यंत ती होती.

उद्वाहन म्हणजे लिफ्ट. हे कार्यालय शहरातल्या यच्चयावत लिफ्ट तपासते आणि स्वतः चौथ्या मजल्यावर आहे. त्याच्या स्वतःच्या लिफ्टला तपासणीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे सगळे जिन्याने येतात. परिपत्रक घेऊन आलेला शिपाईही जिन्यानेच आला आणि तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबला. त्यामुळे लघुलेखकाची गरज प्रत्यक्षात चार मिनिटे जास्तच टिकली, पण त्याची नोंद कुठे नाही.

लघुलेखकाला सगळे रेघोटे म्हणत. हे त्यांचे आडनाव नव्हे. साहेब बोलू लागले की ते वहीत झरझर रेघोट्या ओढत, त्यावरून बावीस वर्षांपूर्वी कोणीतरी हे नाव पाडले आणि यथावकाश ते हजेरीपटावरही चढले. खरे आडनाव त्यांच्या बायकोला ठाऊक होते, पण ती ते फक्त रागावल्यावर वापरी.

परिपत्रकातला मजकूर असा होता: 'कार्यालयातील गोपनीय मजकूर संबंधितांच्या आधी असंबंधितांना कळतो, असे मुख्यालयाच्या निदर्शनास आले आहे. सबब यापुढे सर्व पत्रे व अहवाल कार्यालयप्रमुखांनी ध्वनिलेखन प्रणालीस तोंडी सांगावेत. सदर प्रणाली पूर्णतः खासगी आहे. लघुलेखक हे पद अतिरिक्त ठरते. पदावरील व्यक्तीस तेथेच सामावून घ्यावे की सुट्या भागांच्या भांडारात पाठवावे, हे महिनाअखेरच्या गोपनीय अहवालावरून ठरविले जाईल.'

सुट्या भागांचे भांडार रेल्वेने चौदा तासांवर होते. मोडक्या लिफ्टचे दोर, कप्प्या आणि जाळीचे दरवाजे तिथे रचून ठेवले होते, आणि एक रखवालदार होता. तिथे लघुलेखकाने काय करायचे ते परिपत्रकात नव्हते.

"मी येणार नाही," बायको म्हणाली. ती घरी शिवणवर्ग घेत असे. "माझ्या अकरा जणी बाह्या लावण्यापाशी आल्यात. त्यांना अर्ध्या झग्यात सोडून कुठे येऊ?"

"म्हणजे मी तिथे एकटा?"

"तुम्हाला चहा करता येतो?"

रेघोट्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पाणी उकळलं, हे कळतं कसं?"

बायकोने कात्री खाली ठेवली. "अहो, साहेबांना जाऊन सांगा. बावीस वर्षं त्यांचं ऐकलंत, एकदा त्यांना ऐकवा."

"अगं, साहेबांशी मी कधी बोललोच नाही. ते बोलतात, मी लिहितो. आमची ओळख तेवढीच."

यंत्र बसवायला मुख्यालयातून एक अभियंता आली. हुशार, नेमके बोलणारी. तिने साहेबांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, एक छोटा माइक उभा केला आणि इंटरनेटची वायर सर्वांसमक्ष उपटून खिशात घातली.

"ही कळ दाबायची आणि बोलायचं, साहेब. तुम्ही बोलाल ते टाइप होईल. सगळं याच्या आतल्या आतच चालतं. आवाज बाहेर कुठल्या कंपनीकडे जात नाही, कोणाकडेच जात नाही."

"मग ऐकतं कोण?"

"कोणीच नाही."

"मग मी बोलू कोणाशी?" साहेबांनी विचारले. प्रश्न मोठा होता, पण मार्गदर्शक पुस्तिकेत त्याचे उत्तर नव्हते.

इथे साहेबांच्या पत्रव्यवहाराची पद्धत सांगणे भाग आहे. साहेब 'लिहा' म्हणत आणि येरझाऱ्या घालत मनात येईल ते बोलत. पत्र नाट्यगृहाच्या मालकाला असेल तर म्हणत, "त्याला म्हणावं, बाबा रे, तुझी लिफ्ट आहे की उंदराचा पिंजरा? अकरा वर्षं सांगतोय दोर बदल म्हणून. त्या पिंजऱ्यात मी माझ्या सासूलाही बसवणार नाही. नाही, सासूला बसवेन. अरे चहा आणा रे कोणी!" रेघोटे रेघोट्या ओढत आणि दहा मिनिटांनी टाइप केलेला कागद समोर ठेवत: 'आपल्या वास्तूतील उद्वाहन सांप्रत अपेक्षित मानकांशी पूर्णतः सुसंगत असल्याचे आढळून येत नाही. तरी याबाबत यथोचित कार्यवाहीचा विचार व्हावा, ही विनंती.' साहेब न वाचता सही करत. नाट्यगृहाचा मालक वाचून आभाराचे पत्र पाठवी. दोर तोच राही. अकरा वर्षे सगळे सुरळीत चालले होते.

यंत्राने हे बिघडवले. म्हणजे यंत्राने एकही चूक केली नाही, आणि तक्रार हीच होती. साहेबांनी पहिलेच पत्र नाट्यगृहाला सांगितले. यंत्राने उंदराचा पिंजरा, सासू आणि चहा या तिघांना योग्य विरामचिन्हांसह जागा दिली. साहेबांनी सवयीने न वाचता सही केली. पत्र गेले.

चौथ्या दिवशी नाट्यगृहाचा मालक स्वतः जिना चढून आला. त्याचे डोळे भरून आले होते. "साहेब, तुम्हाला दोर बदलायला हवा होता होय! मग आधी का नाही सांगितलंत? मला वाटायचं, तुमचं कार्यालय माझं अभिनंदन करतंय." त्याने नवा दोर बसवला होता. पावती दाखवून, चहाच्या उल्लेखाबद्दल बिस्किटांचा डबा ठेवून तो गेला.

कार्यालयात भीतीचे सावट पसरले. अकरा वर्षांची फाइल बंद झाली होती. ती बंद कशी करायची हे कोणालाच माहीत नव्हते, कारण असा प्रसंग आला नव्हता. मुख्यालयाने खुलासा मागवला: एका पत्रात काम झाले, तर आधीची त्रेचाळीस पत्रे कोणत्या हेतूने पाठवली होती?

खुलासा देण्याचे काम आस्थापनाबाईंकडे गेले. नेमणुका, रजा आणि नियम यांच्या शाखेच्या त्या प्रमुख. नियमपुस्तक त्यांना तोंडपाठ होते, आणि जे त्यात नव्हते ते जगात आहे, असे त्या मानत नसत. त्यांनी खुलाशात लिहिले की घडल्या प्रकारास प्रणाली जबाबदार असून ती खासगी असल्यामुळे आत काय घडले हे सांगता येत नाही. मुख्यालयाने उलट टपाली विचारले: 'प्रणाली खासगी असल्याचा पुरावा काय? शब्द बाहेर गेले नाहीत, हे कशावरून?'

आस्थापनाबाईंनी अभियंतेला फोन लावला. "अगं, काहीच बाहेर जात नाही याचा पुरावा पाठवून दे."

"बाई, काहीच बाहेर जात नाही, म्हणून तर पाठवायला काही नाही."

"ते मला समजतं. पण मुख्यालयाला समजण्यासाठी काहीतरी बाहेर गेलं पाहिजे ना?"

यातून 'बाहेर न गेलेल्या शब्दांची नोंदवही' जन्माला आली. दिवसभरात साहेब जे बोलले आणि जे यंत्राबाहेर गेले नाही, ते सगळे शब्दशः या वहीत लिहायचे आणि तीन प्रतींत मुख्यालयास पाठवायचे. वही अर्थातच अत्यंत गोपनीय. म्हणून ज्याच्या ज्याच्या नजरेखालून ती जाईल, त्याने शेवटच्या पानावर 'वाचले नाही' या छापील शब्दांपुढे सही करायची.

"पण बाई," अभियंता फोनवर कळवळून म्हणाली, "असं केल्यावर ते खासगी कसं राहील?"

"सह्या आहेत ना," आस्थापनाबाई म्हणाल्या.

पहिल्या संध्याकाळी त्या वही घेऊन साहेबांकडे गेल्या. "आज काय काय बोललात, साहेब?"

"मला काय आठवतंय! मी बोलतो तेव्हा माझं लक्ष नसतं."

त्यातच दुसरी अडचण उभी राहिली. यंत्र हलक्या आवाजातलेही टिपत असे, पण साहेबांचा त्यावर विश्वास नव्हता. ते त्याच्याशी लांबच्या बहिऱ्या नातेवाइकाशी बोलावे तसे बोलत. रेघोट्यांशी ते खोलीच्या कोपऱ्यात पुटपुटत, आता त्यांचे प्रत्येक वाक्य काचेचे पार्टिशन ओलांडून सगळ्या हॉलभर फिरे. यंत्रातून एक अक्षर फुटत नव्हते. साहेबांच्या तोंडून फुटे, त्याला यंत्र काय करणार?

उपाय म्हणून चौदाही कर्मचाऱ्यांना रोज सकाळी कानात घालण्यासाठी कापूस देण्यात आला. कापूस नीट बसला आहे का हे पाहण्यासाठी आस्थापनाबाई हॉलच्या टोकाला उभ्या राहून नावे पुकारत. जो 'हजर' म्हणे, त्याचा कापूस काढून पुन्हा बसवला जाई. जो गप्प राही, तो गैरहजर मांडला जाई. तीन दिवसांत निम्मे कार्यालय कागदोपत्री रजेवर गेले.

शेवटी नियमपुस्तकाच्या परिशिष्टात तोडगा सापडला. खोलीत कोणी ऐकत नाही, याची खात्री देण्यासाठी खोलीतच एक जबाबदार व्यक्ती बसवायची. पदनाम: अश्रोता. तात्पुरते, यंत्र रुळेपर्यंत. अश्रोत्याने काही ऐकायचे नाही. मात्र बाहेर न गेलेले शब्द नोंदवहीत शब्दशः उतरवायचे, तेही साहेबांच्या वेगाने.

"न ऐकता लिहायचं?" साहेबांनी विचारले. "असा माणूस मिळणार कुठे?"

सगळ्यांनी एकाच दिशेने पाहिले. रेघोटे आपल्या रिकाम्या टेबलावर पेन्सिलींना टोक करत बसले होते.

अशा रीतीने यंत्र आल्याच्या सोळाव्या दिवशी रेघोटे साहेबांच्या खोलीत, त्याच कोपऱ्यात, त्याच खुर्चीवर, तीच वही घेऊन बसले. फरक एवढाच की आता मध्ये एक लॅपटॉप होता आणि रेघोट्यांच्या कानात कापूस होता. साहेब 'लिहा' म्हणत, यंत्र लिही, आणि यंत्राने लिहिले ते कोणालाच कळू नये म्हणून रेघोटेही लिहीत.

"अश्रोता?" बायको घरी म्हणाली आणि हसता हसता खुर्चीवर बसली. "अहो, तीस वर्षं मी बोलते ते तुमच्या कानात शिरत नाही. या पदावर तुमचा हक्क फार जुना आहे."

"तात्पुरतं आहे. भांडाराचं अजून ठरायचंय. सगळं त्या अहवालावर आहे."

"कोण लिहिणार अहवाल?"

"साहेब सांगतील."

"मग बरं आहे की. ते तोंडाने फटकळ, पण खोटं बोलत नाहीत." तिने सुईत दोरा ओवला. "नुसतं त्यांना बोलू द्या. मध्ये पडू नका."

महिनाअखेर आली. साहेबांनी तेरा कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल दोन दिवसांत यंत्राला सांगून टाकले. हॉलमध्ये कधी नव्हे ती शिस्त होती. सगळे माना खाली घालून बसले होते आणि आपल्या अहवालाची वेळ आली की कापूस सैल करत होते. कॅशियरबाईंना 'ही हुशार आहे, पण हिला ते माहीत आहे' हे ऐकून दिवसभर समजेना, की रागवावे की साडी घ्यावी.

चौदावा अहवाल रेघोट्यांचा. तिथे गाडी अडली. नियम एकवीस: ज्याचा अहवाल, तो खोलीत नको. नियम बावीस: अश्रोत्यावाचून यंत्र सुरू करू नये. आणि अश्रोता एकच.

आस्थापनाबाईंनी चष्मा पुसला. अशा क्षणांसाठीच त्या नोकरीत आल्या होत्या. "रेघोटे, तुम्ही तीन ते साडेतीन किरकोळ रजेचा अर्ज द्या. म्हणजे रेघोटे कार्यालयात नाहीत. अश्रोता मात्र कामावर आहे."

"मग मी कुठे असेन?"

"ते तुमचं तुम्ही पाहा. रजा कुठे घालवायची, हे कार्यालय विचारत नाही."

तीन वाजता रेघोटे रजेवर गेले आणि साहेबांच्या खोलीत येऊन बसले. शिपायाने कानांत नवा कापूस घातला. साहेबांनी दार लावले, कळ दाबली आणि पहिल्यांदाच येरझाऱ्या न घालता खिडकीशी उभे राहिले. पार्टिशनच्या पलीकडे तेरा जणांनी एकाच वेळी कापूस काढला. तो आवाज मऊ होता, पण आला.

"हं. रेघोटे," साहेब म्हणाले. कोपऱ्याकडे न पाहता ते पुढे बोलू लागले. "या माणसाबद्दल काय सांगू? बावीस वर्षं मी ओरडतो आणि हा लिहितो. खरं सांगायचं तर मी आयुष्यात एक पत्र लिहिलेलं नाही. ज्याला ज्याला मी गाढव म्हणालो, त्याचं मला आभाराचं पत्र आलं. ते याच्यामुळे. नाहीतर कधीच घरी बसवला असता मला. माझी बायको गेली, तेव्हा चार दिवसांनी मी इथे येऊन बसलो होतो. रजेचा अर्ज द्यायचा होता. तोंडातून शब्द फुटेना. याने काही विचारलं नाही. लिहून आणला, आणि सहीची जागा बोटाने दाखवली. त्या अर्जात काय होतं, ते मी अजून वाचलेलं नाही. वाचायचा धीर नाही. याला कुठेही पाठवू नका. त्या मोडक्या दोरांच्या गोदामात याला पाठवणाऱ्याला मी लिफ्टमध्ये कोंडेन, आपल्याच लिफ्टमध्ये. हा गेला तर मी मुका होईन. झालं. हे बंद कसं करायचं? अरे, चहा आणा रे!"

रेघोट्यांची पेन्सिल एकदाही थांबली नव्हती. साहेब बोलायचे थांबले, तरी ती आणखी दोन रेघा पुढे गेली. त्या रेघांचा अर्थ पुढे त्यांनाही लागला नाही.

यंत्राने अहवाल छापून दिला. सगळे शब्द जागच्या जागी होते. साहेबांनी तो हातात घेतला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा वाचला. ते कानापर्यंत लाल झाले.

"असं कसं पाठवायचं हे?" ते पुटपुटले. मग सवयीने हात कोपऱ्याकडे गेला. "रेघोटे, जरा नीट करून द्या."

"ते रजेवर आहेत, साहेब," रेघोटे म्हणाले.

"मग तुम्ही द्या."

रेघोटे आपल्या टेबलावर येऊन बसले. अहवालाचा छापील नमुना समोर घेतला. रकाना सात: 'वरिष्ठांचा अभिप्राय'. त्यांनी साहेबांचा कागद पुन्हा वाचला. डोळ्यांसमोर अक्षरे पाण्यात पडल्यासारखी हलू लागली, म्हणून चष्मा काढून पुसला, पण भिजला चष्मा नव्हताच. बायकोचे शब्द आठवले: मध्ये पडू नका.

पण हात वेगळा असतो. बावीस वर्षांच्या सवयीचा हात. 'गाढव' हा शब्द अहवालात शोभत नव्हता, तो गेला. साहेबांच्या घरातले दुःख मुख्यालयाच्या फाइलीत कशाला, तेही काढले. 'एक पत्र लिहिलेलं नाही' हे वाक्य साहेबांना अडचणीत आणणारे होते, त्यावर रेघ मारली. लिफ्टमध्ये कोंडण्याची धमकी तर सरळ गुन्हा होता. राहिले 'याला कुठेही पाठवू नका'. यात वरिष्ठांना हुकूम सोडल्यासारखे वाटत होते. असे वाक्य साहेबांच्या सहीने गेले, तर त्यांनाच ताकीद मिळेल. रेघोट्यांनी ते मऊ केले. मग आणखी मऊ केले. वीस मिनिटांनी रकाना सात तयार झाला:

'सदर कर्मचारी नेमून दिलेले काम पार पाडतात. वर्तणूक समाधानकारक. त्यांच्या पुढील नेमणुकीबाबत वरिष्ठ कार्यालयाने प्रशासकीय सोयीनुसार यथोचित निर्णय घेण्यास हरकत नाही.'

त्यांनी तो दोनदा वाचला. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. एक कारागीर म्हणून त्यांना समाधान वाटले. साहेबांनी न वाचता सही केली. तो कागद रकान्यासकट वर गेला. साहेबांचा मूळ मजकूर नोंदवहीत शब्दशः उतरला, आणि तोही तीन प्रतींत वर गेला.

संध्याकाळी त्यांनी बायकोला दोन्ही ऐकवले. आधी साहेबांचे. ती ऐकता ऐकता शिवायची थांबली. मग आपले. तिने मशीनवरचा झगा बाजूला सारला.

"म्हणजे त्यांनी तुम्हाला धरून ठेवलं," ती सावकाश म्हणाली, "आणि तुम्ही त्यांचे हात सोडवलेत."

"अगं, भाषेची काही मर्यादा असते."

तिने त्यांचे खरे आडनाव उच्चारले. पूर्ण, स्पष्ट. मग उठली, स्टोव्हवर पातेले ठेवले आणि म्हणाली, "इकडे या. हे पाणी. बघत उभे राहा. बुडबुडे आले की मला सांगा."

नोंदवही मुख्यालयात पोचली आणि तिथे आजवर कोणत्याही दस्तऐवजाला लाभले नव्हते असे भाग्य तिच्या वाट्याला आले. ती वाचली गेली. आवक शाखेने वाचली, जावक शाखेने मागून घेऊन वाचली. एका उपसंचालकांनी दार लावून वाचली आणि मग आपल्या लघुलेखकाला बोलावून, वीस वर्षांत पहिल्यांदा, बसायला सांगितले. रजेच्या अर्जाच्या वाक्यापाशी सगळेच अडखळले. रेघोट्यांना फोन येऊ लागले. "काका, आम्ही काहीच वाचलेलं नाही, पण तुमचं मनापासून अभिनंदन." एका बाईंनी फोनवर नुसतेच नाक शिंकरले आणि ठेवून दिला. कार्यालयातले चौदा, मुख्यालयातले सत्तावीस, अशा एक्केचाळीस जणांनी शेवटच्या पानावर सह्या केल्या. वाचले नाही. वाचले नाही. वाचले नाही.

पुढच्या सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी आदेश आला. 'रकाना सातमधील अभिप्राय विचारात घेऊन' रेघोट्यांची नेमणूक सुट्या भागांच्या भांडारात करण्यात आली होती.

आस्थापनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा नियमपुस्तक बंद करून फोन उचलला. "उपसंचालक साहेब, तुम्ही ती नोंदवही वाचली होती ना?"

"वाचली होती. बाई, काय माणूस आहे हो! म्हणजे, वाचली नाही. सही आहे माझी."

"मग ते सगळं माहीत असून..."

"मलाच काय, सगळ्या इमारतीला माहीत आहे. पण बाहेर न गेलेल्या शब्दांवर कार्यवाही केली, तर ते बाहेर गेले असं होईल. मग प्रणाली खासगी राहिली का? तुम्हीच सांगा." फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. "आणि रकाना सात फारच सुरेख लिहिलाय हो. कोणी लिहिला?"

रेघोटे गेले तेव्हा त्यांच्या पिशवीत बारा पेन्सिली, एक वही, आणि बायकोने लिहून दिलेला कागद होता: 'पाणी. बुडबुडे. मग पूड. मग मला फोन.' साहेब त्यांना सोडायला चार मजले उतरून खाली आले. रिक्षा सुटली तेव्हा हात वर केला, आणि तो कुठे ठेवायचा ते न कळून खिशात घातला.

मग ते चार मजले चढून वर आले, दार लावले, कळ दाबली आणि आदेशाविरुद्ध निषेधाचे पत्र सांगायला तोंड उघडले. आस्थापनाबाईंनी दारावर टकटक केली.

"साहेब, यंत्र सुरू करता येणार नाही. अश्रोत्याचं पद रिकामं आहे."

"मग भरा!"

"जाहिरात दिली आहे. न ऐकण्याचा किमान बावीस वर्षांचा अनुभव हवा. अर्ज पुष्कळ आलेत, साहेब. छाननीच चालू आहे."

लॅपटॉप टेबलावर तसाच आहे. साहेबांनी रेघोट्यांबद्दल जे सांगितले ते त्यात सुरक्षित आहे. तिथून एक अक्षरही बाहेर गेलेले नाही, आणि अभियंता सांगते की जाणारही नाही. नोंदवही मुख्यालयातून परत आली आहे. मात्र तिच्या शेवटच्या पानावर बेचाळिसावी ओळ रिकामी असल्यामुळे आस्थापनाबाईंना ती दाखल करून घेता येत नाही. नियम साधा आहे: ज्याच्या नजरेखालून तो मजकूर गेला, त्याने सही करायची. तो कोणाकोणाच्या नजरेखालून गेला याची त्यांनी मोजदाद केली, तेव्हा एक सही कमी भरली.

साहेब काय म्हणाले ते तुम्हीही पाहिलेत. अगदी रजेच्या अर्जापर्यंत. पेन दोरीने वहीलाच बांधलेले आहे आणि 'वाचले नाही' हे शब्द आधीच छापलेले आहेत. तुम्ही फक्त सही करायची. हात तुमचाही सवयीचा असेलच.